तिसरा झटका

माल्सून म्हणजे शेवटची मुलगी,
आता पुरे, असं देवाला बजावून ठेवलेलं नाव.
तिच्या पाठीवर माझी आई झाली, ती गोष्ट वेगळी.

जेजूच्या काळ्या खडकांवर
एकाहत्तराव्या वर्षीही मावशी शिशाचा पट्टा बांधायची,
चष्म्याची काच ओव्याच्या पाल्याने पुसायची.
मला पोहणं तिने शिकवलं नाही, मोजणं शिकवलं:
"दम कोंडला की बरगडीखाली झटका बसतो.
पहिला लबाड. नुसता बोंबलतो, मेलीस, मेलीस.
दुसरा भेदरलेला.
तिसरा खरं बोलतो. तिसऱ्याला वर ये.
शरीर अडाणी गं,
त्याला दोनच अक्षरं येतात: जग."

बोट बुडाली त्याच्या नवव्या दिवशी
आम्ही दोघी खाली गेलो, कुणाला न विचारता.
इंडोनेशियाची पाच पोरं होती आत.
झोपेत गेली, कंपनी म्हणाली, दार उघडंच होतं.

हिरवा अंधार. जाळ्याचं वेटोळं.
काचेपलीकडे एक पिवळी चप्पल
छताला चिकटून तरंगत होती.
मावशीचा हात दारावरून फिरला,
सुईणीचा पोटावरून फिरतो तसा.
मी पहिल्याच झटक्याला वळले.

वर लाटांवर तिचा नारिंगी तरंगा एकटाच.
मी मोजत राहिले. मोजणं सोडून दिलं.
मग पाणी फुटलं आणि ती शीळ आली,
छातीच्या तळातून, जुन्या दाराच्या बिजागरीसारखी.
जीव मुठीत धरून आली म्हणावं,
तर मुठीत गंज होता.

चौकशीच्या खोलीत हीटर फार तापलेला.
कंपनीचा माणूस आमच्याकडे नाही,
माझ्या मुलाच्या शाळेच्या स्वेटरकडे बघत होता.
मावशीच्या घशाला कोरड पडली,
गुडघा टेबलाखाली थडथडत होता.
तिने थांबू दिला नाही त्याला, थांबवलाही नाही.
ती गप्प बसली. मला वाटलं, सुटलो.
पण ती मोजत होती.

"कडी बाहेरून होती," ती म्हणाली.
"आणि कडीत सळई."

साहेबाने लिहून घेतलं.
मग पेन माझ्याकडे वळलं: तुम्हीही होतात ना खाली?

बर्फाच्या कारखान्यातला माझा पगार,
पोराची फी, घराचं भाडं,
सगळे एकदम बरगडीखाली.

"पाणी गढूळ होतं," मी म्हणाले,
आणि छाती भरून श्वास घेतला.