सातचा मित्र

कन्ना चौकात झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली आहे,
तिथं हारिका मणी सरकवायला शिकते.
तेरा दांड्या, हिरवे मणी, महिन्याला साडेतीनशे,
म्हणजे माझ्या जवळजवळ दोन दिवसांच्या विड्या.

रात्री ती मला शिकवते.
मांडीवर सूप, हातात कात्री, मी पानं कापत असते.
भिंतीपलीकडं चिलवेरींचा माग खडखडतो
आणि तिला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते.

"अम्मा, अकरातनं सात काढ."
इथं तर एकच मणी आहे. काढू कुठनं?
मी म्हटलं, उसने घेऊ.
"उसने नाही गं!
दहाचा मणी सरळ खाली पाड,
मग तीन परत दे. सातचा मित्र तीन.
येमूल मॅडम म्हणतात,
जास्त काढलं की परत द्यायचं असतं."

टक. मग पुन्हा टक.
चार उरले.

पंचवीसचा कट्टा मी न बघता बांधते,
चाळीस कट्टे झाले की मान आपोआप वर होते.
पण हा मित्र मला कुणी दाखवला नव्हता.

सकाळी ब्रँचच्या रांगेत तोच डोक्यात.
चेकरनं टोपलीत मूठ घातली,
दोन कट्टे दाबून बघितले, एक फोडला,
"पान कच्चं आहे," म्हणाला, "साठ छाट."
मोजले नाहीत. साठ कसे, विचारलं नाही मी.
"उद्या भरून आण."

काढणारा तो.
परत देणारी मी.
मागून सुगुणाक्का म्हणाली, चल गं पुढं, ऊन चढतंय.

रात्री मी हारिकाला विचारलं,
ते तीन येतात कुठनं?
ती माझ्याकडं बघतच राहिली.
"येतात कुठनं म्हणजे?
त्याच दांडीवर असतात की, खाली.
पहिल्यापासनं."

तेवढ्यात लाईट गेली. मागही थांबला.
तिनं पाटी बाजूला ठेवली, डोळे मिटले,
आणि बोटं हवेत हलवायला लागली.
असं केलं की परीक्षेत जास्त मार्क आहेत म्हणे.
"अठ्ठावीस वजा नऊ," तिची तीच म्हणाली.
मी अंधारात पान वळत होते,
दोनाचा एक, आठाचे नऊ,

"एकोणीस!"

मीही तेच म्हणणार होते,
पण दोरा दातात होता.