हातचा

पहिल्या मजल्यावर मराठी, दुसऱ्यावर उर्दू,
तिसऱ्यावर तमिळ, आणि त्याच्यावर पाण्याची टाकी.
कोरबा मिठागरच्या या शाळेत एकवीस वर्षं
मी जिना चढले तो पहिल्या वळणापर्यंतच.
वर कोण शिकवतं, ते चपलांच्या आवाजावरून ओळखायचे.

माझ्या कपाटाला कुलूप असे.
आत मण्यांच्या माळा, पुठ्ठ्याचं घड्याळ,
साहेब येतील त्या दिवशीचा आदर्श पाठ,
आणि त्या दिवशी पुढच्या बाकावर बसवायच्या मुलांची यादी.
हातचं राखून शिकवण्यात
माझा हात कुणी धरला नसता.

मग एका शनिवारी, शाळा सुटल्यावर,
नंदुरबारकडचा गावित, नोकरीला वर्षही झालं नव्हतं,
जिन्यात बसला होता, मांडीवर वह्या.
म्हणाला, "बाई, मला शिकवताच येत नाही."
महागाई भत्ता, निवडणुकीची ड्युटी, कुणाचा गुडघा,
सगळं बोलून झालं होतं आमच्या खोलीत.
हे वाक्य कधी कुणी बोललं नव्हतं.

बावन्न वजा सतरा.
एकतीसपैकी बावीस वह्यांत पंचेचाळीस.
दोनातून सात जात नाहीत,
म्हणून पोरांनी सातातून दोन घालवले
आणि निवांत रेघ मारली.
तुझा वर्गच कच्चा, असं म्हणणार होते मी.
पण माझ्याही पिशवीत वह्या होत्या.

रईसाबाजी वरून उतरत होत्या, थांबल्या.
वाकून पाहिलं, आणि आपली एक वही उघडली.
पान उलट्या बाजूनं सुरू होणारं,
उत्तर तेच, पंचेचाळीस.
सेल्वराणी टीचरना हाक मारायला कोंडाजी शिपाई गेला,
तो येतानाच हसत आला.

तीन भाषा आणि एकच चूक.
आम्ही मात्र आपापल्या मजल्यावर
आपापल्या पोरांना टपल्या मारत होतो.

याचं परिपत्रक निघालं नाही.
नुसतं ठरलं : जिना, शनिवार, साडेबारा.
आम्ही म्हणतो हातचा, बाजी म्हणतात हासिल,
सेल्वराणी म्हणाली, आमच्यात तर सरळ कर्जच काढतात.
"मग फेडतं कोण?" गावितनं विचारलं.
चौघांची मिळून साठ-पासष्ट वर्षांची नोकरी,
कुणालाच सांगता येईना.
दोन शनिवार त्यातच गेले.

तिसऱ्या आठवड्यात मी बाजींच्या वर्गात,
मागच्या बाकावर, गुडघे अडत होते.
अंडीवाल्याची माहजबीन टेबलापाशी उभी.
दहाच्या पाच नोटा, दोन नाणी, सतरा द्यायचे.
पोरगी नाण्यांकडे बघत राहिली,
मग एक नोट बाजींच्या हातात ठेवून म्हणाली,
"छुट्टा दो ना."
कर्ज नव्हतंच ते.
घरातलीच नोट मोडायची होती.

पुढच्या सोमवारी ते तिघं माझ्या वर्गात.
मी नोटा काढल्या, नाणी काढली,
आणि पाठ साफ फसला.
मुलं नोटा मोजत बसली, गणित बाजूला राहिलं.
बाहेर आल्यावर बाजींनी एवढंच विचारलं,
"वो खिड़की के पासवाला लड़का, उसको कितना आता है?"
नाव सांगता आलं मला. पुढचं नाही.

कुलूप मी लगेच नाही काढलं.
एक दिवस किल्ली घरी विसरले,
गावितनं कडी हलवली तर उघडंच होतं,
बहुतेक आदल्या दिवशी मीच ठेवलेलं.
माळा आता कुठल्या मजल्यावर आहेत, माहीत नाही.

मोठ्या बाई म्हणाल्या, येण्याजाण्याची वाट अडवू नका.
आम्ही भिंतीकडे सरकून बसतो.

या चाचणीतही नऊ जणांनी पंचेचाळीस लिहिलंय.
दहाव्यानं, त्या खिडकीजवळच्या ओंकारनं,
पंचेचाळीस खोडून शेजारी एक चौकोन काढलाय,
चौकोनात दहा, आणि मधोमध वेडीवाकडी चीर.
पुढे काहीच नाही. उत्तराची जागा कोरी.

त्या वहीवर मी अजून लाल पेन लावलेलं नाही.
शनिवारी जिन्यात न्यायचीय.