बर्फावर बसून

संध्याकाळी साडेचार, हर्णैची पुळण.
माझ्यापुढे चार टोपल्या, टोपल्यांत सुरमई,
सुरमईवर फोडलेला बर्फ
आणि मी घामानं निथळतेय.

आधी छातीत उठतं,
मग मानेवर चढतं, कानांच्या पाळ्या तापतात,
जसा कोणी पोटातला स्टोव्ह
पंप मारमारून पेटवला.
गिऱ्हाईक विचारतं, मावशी, बरं नाही का?
बर्फाचा खडा गळ्याला लावून मी म्हणते,
मासा ताजा आहे, तू भाव बोल.

दापोलीला डॉक्टर मुकादमबाईंनी
चिठ्ठीच्या पाठीवर मेंदू काढला.
फणसाच्या गऱ्यासारखा आला तो.
त्यात पार बुडाशी एक टिंब.
इथे काही पेशी असतात, म्हणाल्या,
तिळाएवढ्या जागेत मावणाऱ्या.
हाक मारणं हे त्यांचं काम.
त्यासाठी एक रसायन घडवतात, न्यूरोकायनिन.
(एसटीत घोकत निघाले,
आसूदच्या उतारावर विसरले.
परत विचारायला फोन केला.)

पूर्वी त्या हाक द्यायच्या
आणि खालून, अंडाशयातून, रक्तावाटे
उत्तर यायचं: ऐकलं, पुरे.
मग पेशी आवाज उतरवायच्या,
रसायन बेताचं घडवायच्या.
छत्तीस वर्षं हा व्यवहार चालला
माझ्याच अंगात,
आणि माझ्या वहीत त्याची एक ओळ नाही.

आता उत्तर येत नाही.
मग त्या गप्प होतात का? मी विचारलं.
बाई हसल्या. उलट.
उत्तर नाही म्हणून त्या फुगतात,
रसायन जास्तच घडवतात, जास्तच हाकारतात.
शेजारी अंगाची ऊब राखणारी चौकी आहे,
तिला वाटतं आग लागली,
ती सगळे नळ सोडते.

मला चोगल्यांचा दामा दिसला,
लिलावाचा पुकारा करणारा.
व्यापारी उभे असले, कोणी बोट हलवलं,
की दामा जवळजवळ कुजबुजतो.
पण ज्या दिवशी ट्रक येत नाहीत
त्या दिवशी रिकाम्या पुळणीवर
त्याच्या गळ्याच्या शिरा दोरखंड होतात.
सात हजार, सात, साडेसहा,
पार सुवर्णदुर्गावर आपटतो आवाज.
दुर्ग काय बोली लावणार?

आणि आत्या दिसली. भागुआत्या.
मी नववीत होते.
ती रात्री उठून खाडीत जायची,
कमरेएवढ्या पाण्यात उभी राहायची, थंडीतसुद्धा.
लोक म्हणाले, पाण्यातलं काही लागलं.
भगतानं कोंबडा उतरवला, दोनदा.
तिच्या दाराला बाहेरून कडी घातली,
ती कडी मी घातलीय, या हातानं,
आतून ती म्हणत होती, उकडतंय गो, उकडतंय.

चौकीचे कान झाकणारी
नवी गोळी निघालीय म्हणे.
महिन्याची किंमत मी बांगड्यात काढून बघितली,
अजून जमेना. बघू, सीझन कसा जातो.

काल रात्री दोनला पुन्हा तेच.
नवरा घोरत होता, पंखा गरम वारा ढवळत होता.
उठले, कडी काढली,
अनवाणी पाण्यापर्यंत गेले.
भरती चढत होती. घोट्याला गार लागलं,
मग पिंढरीला.
डावीकडे, शाकारलेल्या होडीपाशी,
पाण्यात कोणीतरी उभं.
माझ्या पोटात गोळा आला.
तरी हाक मारली, कोण गो?

बराच वेळ नुसती लाट.
मग पदरानं मान पुसत
पावश्यांची सुलभा म्हणाली, मी.
तू पण?