साक्षीदार

महिन्यातून एकदा लाँच येते, लाँचमधून डॉक्टर उतरते.
या खेपेला नवी: रेनाता नावाची,
सान्तियागोहून आलेली, मोजे भिजलेले,
आणि चिलोएच्या पावसाबद्दल कुणीच काही सांगितलं नव्हतं म्हणून
जरा रागावलेली.

मी एलेउतेरिओ बार्रिया, वय एकाहत्तर.
जन्मभर होड्यांच्या तळाला डांबर फासलं.
स्वतःचा तळ कधी पाहिला नाही.
पाहणार कसा? दाढीचा आरसा तळहाताएवढा.

एक डाग आहे, म्हणालो.
कुठे?
मी खांद्याकडे बोट नेलं, मग कमरेकडे,
मग छताकडे बघत आणखी थोडं खाली.

"विजार काढा."
शर्ट काढला.
"विजार."
टोपी काढली.
तेव्हा ती हसली, आणि मला वाटलं, सुटलो.
सुटलो नव्हतो.

तर मी टेबलावर पालथा,
खाली कागद चुरचुरतोय, माझ्याऐवजी तोच लाजतोय,
आणि डॉक्टरबाई भिंगातून बघताहेत
जे क्लोरिंदा गेल्यापासून कुणी पाहिलेलं नाही.

"कधीपासून आहे हा?"
मी म्हटलं, हे बायकोला माहीत असायचं. ती गेली, नऊ वर्षं झाली.
"तरी अंदाजे?"

"सत्त्याऐंशीपासून!" भिंत म्हणाली.

दवाखान्याची भिंत म्हणजे एक फळी.
पलीकडे बाकावर निम्मं बेट बसलेलं.
भिंतीला कान असतात हे ऐकून होतो;
जीभही असते, आणि ती नोल्बेर्तोची असते,
हे आज कळलं.

"ओतिलियाचं घर ओढत नेलं ना आपण, ओंडक्यांवरून, बैल लावून?
चढावर तुझी विजार टरकली.
तेव्हा होता. मसुरीएवढा."
"वाटाण्याएवढा," ओतिलिया म्हणाली, "घर माझं होतं,
खिडकीत मीच बसले होते."
"कुठल्या बाजूला?" डॉक्टरनं विचारलं. भिंतीला विचारलं!
"डाव्या!"
"उजव्या!" हा सेगुंदो. त्याला एरवी
चर्चची घंटासुद्धा ऐकू येत नाही.

मी कागदात तोंड खुपसलं.

मग ओतिलियाच जरा हळू म्हणाली,
"क्लोरिंदाला विचारलं होतं मी, अगं, काळजी वाटत नाही का तुला?
तर म्हणाली, असू दे तो.
हा रोज दर्यावर जातो.
उद्या दर्यानं परत दिला, तर ओळखायला काहीतरी हवं."

पलीकडे सुयांचा आवाज थांबला.
कुणीतरी खोकलं.
पत्र्यावर पाऊस होताच, तो असतोच.

डॉक्टरनं भिंग खाली ठेवलं.
"काही नाही हे, साधं आहे.
वय झालं की कातडीवर असं धरतं."
जुन्या होडीला कालवं धरतात तसं? मी विचारलं.
"अगदी तसं."
खरवडायचं?
"गरज नाही. पण तुमची इच्छा असेल तर पुढच्या खेपेला..."

नको, मी म्हटलं. जरा घाईनंच म्हटलं.

तिनं कार्डावर लिहिलं, मी उलटं वाचलं:
डाग सदतीस वर्षांचा. साक्षीदार तीन.
बाजूबद्दल मतभेद.

बाहेर आलो तर सगळे छत बघत होते.
सेगुंदोनं बाकावर सरकून जागा केली, म्हणाला,
बस.
मग म्हणाला, की उभाच राहतोस?