नावाचा चौकोन

एका चौकोनात एकच अक्षर,
काळ्या शाईनं, खाडाखोड नको.
रेवती सोपान घुले.
उरलेले चौकोन रिकामे.
साक्षांकनाच्या फॉर्मवर मागची दहा वर्षं मागतात,
कुठं राहिलात, कधीपासून कधीपर्यंत.
मी लिहिलं भोसरी, भोसरी, भोसरी.

त्याआधी दोनदा गेले होते.
एकदा दीड गुणानं.
एकदा पेपरच रद्द झाला,
आणि वाघोलीच्या सेंटरबाहेर
आम्ही चाळीस-पन्नास जण उसाचा रस पीत उभे,
जणू लग्नाला आलोय
आणि नवरदेव पळालाय.

अभ्यासिका सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर.
शेजारची मुलगी राज्यघटना पुटपुटायची,
मी पोलादाचा आलेख काढायचे :
वर चढणारी रेघ, मग तो बिंदू
ज्याच्यापुढं भार काढला तरी
तुकडा मूळ लांबीवर येत नाही.
त्या बिंदूशेजारी पेन्सिलीनं लिहिलं होतं, शलाका.
तिनं मार्चमध्ये नाद सोडला.
आता चाकणला शिफ्टमध्ये असते,
फोन केला की आधी जांभई देते.

तिसऱ्यांदा यादीत नाव आलं
तेव्हा वयाच्या अटीला सात महिने उरले होते.
मी मनपाच्या स्टॉपवर होते.
बस आली, मी चढले, तिकीट काढलं.
नाशिक फाटा गेल्यावर रडू आलं.

मग हवालदार शेडगे आले पडताळणीला.
चहा घेतला नाही, पाणी घेतलं.
शेजारच्या जाधवर काकूंना विचारलं, पोरगी कशी?
काकू म्हणाल्या,
रात्री दोन-दोनपर्यंत लाइट चालू असतो तिचा.
हे त्यांनी लिहून घेतलं की नाही,
मला आजवर माहीत नाही.

अण्णा एकतीस वर्षं लेथवर.
कधीमधी वर्कशॉपला एखादं काम यायचं,
त्याच्या ड्रॉइंगचा खालचा उजवा कोपरा कापलेला,
जिथं नाव असतं तो चौकोनच नाही.
लहानपणी मी विचारायची, हे कशाचं?
पार्ट आहे.
कसला पार्ट?
शून्य पूर्णांक शून्य दोनचा.
एवढंच. आणि अंगठा फिरवायचे कडेवरून,
डोळे मिटून,
बर राहिलाय का बघायला.

आता पाषाणच्या फाटकाशी मोबाइल जमा करते.
कागदांवर सह्या झाल्यात, घरी काही बोलायचं नाही.
बोलण्यासारखं तसं काही नसतंही :
तुकडा येतो, मशिनीत लागतो,
तुटेस्तोवर ओढायचा,
तुटला की आकडा लिहायचा.
सुरुवातीला मला प्रत्येक वेळी दचकायला व्हायचं.
साहेब म्हणाले, होईल सवय,
आणि नाही झाली तरी बिघडत नाही.

दुसऱ्या महिन्यात एक रिंग आली.
मोजायच्या आधी सहज अंगठा फिरवला.
बर नव्हता.
आतली चँफर ड्रॉइंगमध्ये मागितलीय
त्याहून केसभर मऊ उतरवलेली,
हातानं, शेवटी, कुणी न सांगता.
भोसरीत लेथ शेकड्यांनी आहेत, हे मला कळतं.
अशी सवय आणखी कुणालाही असेल.
तरी मी साहेबांना म्हटलं, ही मी लावते.

काटा चढत गेला.
लागतो तिथं पोचला, ओलांडून पुढं गेला,
मी श्वास धरून उभी,
मग आवाज.
आकडा लिहिला. खाली सही केली.
दोन्ही तुकडे पिशवीत घातले, चिठ्ठी लावली.

रात्री अण्णा मोरीत हात धूत होते,
भुसा चोळून, नखांतलं तेल निघत नाही तरी.
जेवायला बसताना विचारलं,
काय केलंस आज?
मोजलं.
बसलं का टॉलरन्समध्ये?

मी कांदा फोडत होते.
त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.
बास, म्हणाले.
मग जरा वेळानं
मोडून खाल्ली.