मधला माणूस

खडकी बाजारात, पंक्चरच्या दुकानापाशी
तो माझ्याशी बोललाच नाही.
दाजींशी बोलला.
क्लबचं नाव घेतलं नाही,
‘आमची मंडळी’ म्हणाला,
आणि माझ्या डाव्या गुडघ्याची चौकशी केली
स्थळ बघायला आल्यासारखी.

करार मेपर्यंत आहे, दाजी म्हणाले.
‘आहेच की. आम्ही कुठं काय म्हणतोय?’
चहाचे पैसे त्यानं दिले.

संध्याकाळी रेंजहिल्सला सराव.
डिमेलो सर रोजच्यासारखे ओरडले,
‘तुपे, लक्ष कुठंय?’

पायात बूट त्यांनीच घेऊन दिलेले.
नडगीच्या पॅडमागे चिठ्ठी,
नुसता नंबर, घामानं ओला.

गोल माझाच झाला.
सगळे मिठी मारायला धावत आले,
तेव्हा मी खाली वाकलो
आणि मोजा वर ओढला.