आगीशिवाय धूर

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये रात्रपाळीला
मी आणि पाचशे अंश.
नायट्रोजन फुसफुसत नळीत शिरतो,
उरलीसुरली हवा हाकलून देतो,
मग मी हॉपरची खिट्टी काढतो.

माल छोटा उदेपूरचा:
सागाचे शेंडे, टिमरूच्या काटक्या,
वनखात्यानं उपटलेली घाणेरी.
पावतीवर सगळ्यांचं नाव एकच,
मिश्र लाकूड, एकोणीस पोती.

जळायला हवा लागते.
ती नसली की लाकूड जळत नाही,
सुटतं.
ओल्या सुतळीची गाठ सुटावी तसं नव्हे,
एकदम, दोन सेकंदांत,
वर्षानुवर्षं विणलेलं सगळं.

आगीशिवाय धूर निघत नाही म्हणतात.
इथे रोज निघतो.
आम्ही त्याचाच पगार खातो.

गार नळीत धूर पाणावतो
आणि काळा, थेंब थेंब, काचेत उतरतो:
आधी आंबट, शिरक्याच्या वासाचा,
मग डांबर,
आणि दोघांच्या मध्ये कुठेतरी दडलेलं
ग्वायकॉल, ज्याच्यासाठी हा खटाटोप.

नगीन राठवा पोती उतरवून
नळीपाशी उकिडवा बसला.
वर बघितलं, खाली बघितलं, हसला.
"आ तो अमारी ज रीत, साहेब.
मडकं, नळी, गार पाणी."
गुजरातेत आहोत, म्हणून
पुढचं नाव त्यानं घेतलं नाही.
शितोळेबाईंची पीएचडी या नळीवरच.
त्या जरा गप्प राहिल्या,
मग वही उघडून विचारलं,
"पाणी कुठून सोडता, वरून की खालून?"
"खालून," तो म्हणाला.
बाईंनी मान डोलावली. लिहून घेतलं.

चहा पिताना सहज बोलला,
बायको खोकते. डॉक्टर म्हणतो चुलीचा धूर.
टेबलावर बाटली होती.
हिच्यातून खोकल्याचं औषध बनतं,
हे वाक्य मी पाहुण्यांना
किती वेळा ऐकवलंय, पाठ आहे.
त्या दिवशी जीभ उचलेना.

जाताना त्यानं मागितलं,
खाली उरलेल्या कोळशाचं एक पोतं.
"धूर करतो का हा?"
नाही, म्हटलं,
धूर आम्ही काढून घेतलाय,
लेबल लावून कपाटात ठेवलाय.
पण पेटवशील तेव्हा दार उघडं ठेव.

टेम्पो वळला.
रजिस्टरमध्ये 'वाया' च्या रकान्यात
मी बावीस किलो लिहिले,
आणि बराच वेळ
तो शब्द खोडावा की नाही, बघत बसलो.